आठ मित्र, सात रात्री, अंदमान: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे आठ जण, कॉलेजपासूनचे मित्र-मैत्रिणी, वयं पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. जानेवारीत सात रात्री अंदमानला जायचंय. दोघांना पोहता येत नाही, एकीचा गुडघा दुखरा आहे, एक जण शाकाहारी आहे. एजंटने आखून दिलेल्या कार्यक्रमात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक, एलिफंट बीच आणि नीलचा अर्धा दिवस आहे. तुम्ही विचारलंय की एवढं सगळं बसेल का, काय गाळावं, आणि आठ जणांची तोंडं आठ दिशांना न होता हे पार कसं पडेल.

कागदावर सगळं बसतं. गेली सतरा वर्षं मी छोटे गट घेऊन तिकडे जातोय आणि असे कार्यक्रम घेऊन आलेली माणसं जेट्टीवर रोज भेटतात. पहाटे साडेतीनला उठलेली, दुपारी गाडीत पेंगणारी, समुद्र मनसोक्त बघण्याआधीच सामान आवरायला लागलेली. म्हणून माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: बाराटांग गाळा, नॉर्थ बे गाळा, आणि नीलच्या अर्ध्या दिवसाच्या दोन रात्री करा. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, दोन नील, शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअर. आता हे असं का, ते सांगतो.

नावांचा घोळ आधी मिटवू. 2018 मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. पाट्यांवर आणि बोटीच्या तिकिटांवर नवी नावं दिसतील, रिक्षावाला आणि खानावळवाला जुनीच बोलेल. दोन्ही लक्षात ठेवा. मी इथे बोलण्यातलीच वापरतो.

पहिली अडचण सूर्याची आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. जानेवारीच्या मध्यात नाशिकला सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, पोर्ट ब्लेअरला सव्वापाचच्या सुमारास. साडेपाचला दिवेलागण. सकाळी मात्र सहाच्या आधीच उजाडलेलं असतं. नऊला नाश्ता, दहाला बाहेर, एकला जेवण, मग जरा पडायचं आणि चारला किनाऱ्यावर जायचं, हा आपला सुट्टीचा क्रम तिकडे लावलात तर अर्धा दिवस खोलीत जातो आणि उरलेल्या अर्ध्यात अंधार पडतो. सकाळी सहाला बाहेर पडा, साडेअकरापर्यंत मुख्य काम उरका, दुपारी जेवून झोपा आणि साडेतीनला पुन्हा निघा. संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंतचा वेळ गप्पांना मोकळा. मित्रांच्या सुट्टीला याहून सोयीचं वेळापत्रक मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. मी रत्नागिरीच्या बाजूचा. आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं की अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग. उधाणात पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली उतरतं. भांगात नुसतं थोडं वर, थोडं खाली. अंदमानलाही हाच चंद्र आहे. फरक वेळेचा. आपल्याकडे अमावास्येची भरती दुपारी बाराच्या आसपास येते, तिकडे ती सकाळीच होऊन जाते आणि मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, दुपारनंतर लागते. पुढे रोज पाऊण तासाने ती सरकत जाते. नेमक्या वेळा जेट्टीवर किंवा तुमच्या मुक्कामावर विचारून घ्यायच्या, होडीवाल्यांना त्या तोंडपाठ असतात.

याचा तुमच्या कार्यक्रमाशी काय संबंध? सगळाच. नीलची सगळ्यात सुंदर गोष्ट पाण्याखाली आहे आणि ती फक्त सुकतीला उघडी पडते. हॅवलॉकला रात्रीच्या पाण्यात जो निळसर उजेड चमकतो, तो चांदणं असलं की फिका पडतो. म्हणजे अमावास्येच्या आसपास गेलात तर हॅवलॉकला काळोखी रात्र मिळते आणि नीलला मोठी सुकती. भिंतीवरचं कालनिर्णय काढा, जानेवारीतली अमावास्या कुठल्या तारखेला पडते ते बघा आणि पोर्ट ब्लेअरला उतरायची तारीख तिच्या तीनेक दिवस आधीची धरा. विमानाच्या भाड्यात दोन-चारशे इकडेतिकडे होतील, पण तिथी चुकली तर तिकडे जाऊन भरून काढता येत नाही. एका वर्षी मी एक गट अष्टमीला नीलला नेला होता. दोन दिवस पाणी कमरेखाली उतरलंच नाही. बिचारी माणसं मला काही बोलली नाहीत, पण त्यांना काय बघायला मिळालं नाही ते मला माहीत होतं. त्यानंतर मी तारीख ठरवताना आधी पंचांग उघडतो.

आता नीलबद्दल जरा सविस्तर, कारण एजंट तिथे तुम्हाला अर्ध्या दिवसात फिरवून आणणार होता. बेट लहान आहे, भाड्याच्या स्कूटरवर कुठूनही कुठेही दहा-पंधरा मिनिटांत पोचता. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने इथे वसवलं. त्यांनी भात, केळी, पालेभाज्या पिकवल्या आणि आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी जाते. तुमच्या शाकाहारी मित्राची सोय सगळ्यात चांगली इथे होईल. किनाऱ्यांची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला, पोहणं भरतपूरला.

लक्ष्मणपूरचा जो दुसरा भाग आहे, तिथे दगडाची नैसर्गिक कमान आहे. स्थानिक बंगाल्यांनी तिला हावडा ब्रिज नाव दिलंय. लोक कमानीखाली फोटो काढतात आणि परततात. तुम्ही परतू नका. सुकतीच्या वेळेआधी एक तास पोचा, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या आणि कमानीपलीकडच्या कातळावर हळूहळू चला. पाणी मागे सरकतं तसतशी खळगी उघडी पडतात. एकेका खळगीत एक संसार असतो. मागच्या खेपेला आमचा वाटाड्या, साठीचा बंगाली माणूस, गुडघ्यावर बसला आणि बोट पाण्याला न लावता त्याने एक शिंपला दाखवला. बशीएवढा, कातळात रुतलेला, आणि उघड्या फटीतून मखमलीसारखा निळा-जांभळा काठ बाहेर आलेला. त्याने हात पुढे करून त्यावर सावली पाडली. सावली पडताच तो काठ आत ओढला गेला आणि शिंपला मिटला. पाण्यात एक छोटी लहर उठली, तेवढीच. आमच्यातल्या एक बाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, तिथेच उकिडव्या बसल्या आणि तो पुन्हा उघडेपर्यंत हलल्या नाहीत. चार-पाच मिनिटं लागली असतील. अर्ध्या दिवसाच्या सहलीत ही चार-पाच मिनिटं मिळत नाहीत. गाडीवाला हॉर्न वाजवत असतो.

तिथे पायात काय घालायचं तेही सांगतो. रबरी चपला नकोत, निसटतात. जुने कॅनव्हासचे बूट किंवा मागून पट्टा असलेले सँडल. पाय वाळूवर किंवा उघड्या दगडावर ठेवायचा, जिवंत प्रवाळावर नाही. प्रवाळ दिसायला दगड, पण तो जीव आहे, आणि आपल्या एका पावलाखाली बऱ्याच वर्षांची वाढ मोडते. गुडघा दुखणाऱ्या तुमच्या मैत्रिणीने कमानीपर्यंत काठी घेऊन यावं आणि वाळूच्या बाजूच्या पहिल्या खळग्यांशी बसावं. तिथेही खेकडे, समुद्रकाकड्या, लहान मासे पुष्कळ दिसतात. तिने पुढच्या कातळावर यायचा हट्ट करू नये आणि बाकीच्यांनीही आग्रह करू नये. शेवाळ्यावर पाय घसरला तर जवळचं चांगलं हॉस्पिटल समुद्रापलीकडे आहे.

हॅवलॉककडे वळू. पोर्ट ब्लेअरहून सकाळची बोट घ्या. खासगी बोटी बंद, वातानुकूलित आणि वेगवान असतात, दोनेक तासांत पोचवतात. सरकारी बोट स्वस्त, हळू, पण डेकवर उभं राहता येतं, आणि उडणारे मासे बघायचे तर डेकच हवा. तिची तिकिटं आठ जणांना एकत्र मिळणं मात्र अवघड असतं. मी जाताना खासगी आणि जमलं तर येताना सरकारी असं ठेवतो. बोट लागणाऱ्यांनी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बसायला खालच्या मजल्यावर, मध्याच्या जरा मागे.

पोचलात त्या दुपारी राधानगर. 2004 साली टाइम साप्ताहिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून त्याचं नाव घेतलं आणि तेव्हापासून गर्दी वाढली, तरी किनारा एवढा लांब आहे की उजव्या हाताला दहा मिनिटं चाललात की आठ जणांना पुरेल एवढा एकांत मिळतो. मागे उंच झाडांचं रान, पुढे मऊ पांढरी वाळू. पाण्यात उतरायचं ते जीवरक्षक बसतात त्याच पट्ट्यात आणि अंधार पडायच्या आत बाहेर. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाजणाच्या मुखाशी, कांदळवनाच्या कडेला त्यांचा वावर असतो. 2010 मध्ये राधानगरजवळच्याच एका खाडीत एका अमेरिकन तरुणीचा मगरीने जीव घेतला. म्हणून फलक लावलेला असेल तिथे 'पाच मिनिटंच' असंही म्हणायचं नाही. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. दरवर्षी लाखो लोक तिथे सुखरूप पोहून येतात, आणि ते फलक वाचतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा. पोहता न येणाऱ्या दोघांना वाटत असेल की आपण काठावर बसायचं. तसं नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला पोहणं यायलाच हवं असं नसतं. प्रत्येकामागे एक प्रशिक्षक असतो, तोच टाकी सांभाळतो, तोच तुम्हाला धरून नेतो आणि खोली बारा मीटरच्या आतच ठेवतात. पण 'पोहता येत नाही' आणि 'पाण्याची भीती वाटते' यांत फरक आहे, आणि तो तुमचा तुम्हीच ओळखायचा. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, रक्तदाबाच्या गोळ्या, यातलं काही असेल तर नाशिकलाच डॉक्टरांशी बोला आणि फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही, पैसे बुडाले तरी चालतील. दोन-तीन मीटरवरच कानाला दडा बसतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच हवा सोडायची. कान मोकळा झाला की पुढे, नाही झाला तर प्रशिक्षकाला खूण करून थोडं वर. घाई करून खाली गेलेला एक जण माझ्याबरोबर होता, त्याला नंतर तीन आठवडे त्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं.

स्कूबा आणि विमान यांत पुरता एक दिवस सोडा. खोल पाण्यात श्वासातून अंगात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी, म्हणून तो बुडबुड्यांच्या रूपात सुटून त्रास देऊ शकतो. स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवली की हा प्रश्नच येत नाही. एजंटने तुमची ती शेवटच्या दुपारी नॉर्थ बेला ठेवलीये. नॉर्थ बे गाळा म्हटलं त्याचं हे एक कारण. दुसरं कारण गर्दी. एलिफंट बीचचं मी तुमच्यावर सोडतो. स्नॉर्केलिंगला उथळ आणि सोयीचा आहे, पोहता न येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट घालून छान मासे दिसतात. पण दहानंतर तिथे जत्रा असते. गेलात तर दिवसातल्या पहिल्या बोटीने.

रात्रीच्या उजेडाचं राहिलं. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, पाणी ढवळलं की ते चमकतात. काळोख्या रात्री कायाकमधून घेऊन जाणारे जाणते लोक हॅवलॉकला आहेत. वल्हं पाण्यात बुडवलं की त्याच्याभोवती निळसर ठिणग्या, हात फिरवला की बोटांमागे रेघ. कॅमेऱ्यात ते फारसं येत नाही. फोन खोलीतच ठेवून जा.

आता बोटी आणि हवामान. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र बहुतेक शांत असतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं असतात. डिसेंबर 2016 मध्ये अशाच हवामानात हॅवलॉक आणि नीलला हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि नौदल-तटरक्षक दलाला त्यांना आणावं लागलं होतं. तेव्हा तुमचा जानेवारीचा निर्णय योग्यच आहे, पण जानेवारीतही एखादी बोट रद्द होते. म्हणून शेवटच्या दोन्ही रात्री पोर्ट ब्लेअर. नीलहून परतीची बोट एक दिवस उशिरा सुटली तरी विमान चुकत नाही, फक्त पोर्ट ब्लेअरचा एक दिवस जातो. शेवटच्या सकाळी बोट आणि दुपारी विमान असा कार्यक्रम कुणीही दिला तरी घेऊ नका.

बाराटांगबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. चुनखडीच्या गुहा आणि कांदळवनातली डुंगीची, म्हणजे लहान होडीची, फेरी, दोन्ही सुंदर आहेत. पण तिथे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, पोलिसांच्या ताफ्याबरोबर सोडतात आणि जवळजवळ पन्नास किलोमीटर जंगलातून जावं लागतं. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही, असा कायदा आहे. तरी गाडीतले बहुतेक डोळे बाहेर कोण दिसतं तेच शोधत असतात. जारवा काही शे माणसं आहेत. शतकानुशतकं ते वेगळे राहिले, गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बाहेरच्यांशी संपर्काला सुरुवात केली आणि 1999 मध्येच त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला किरकोळ वाटणारी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. मी सुरुवातीची काही वर्षं गट नेत होतो. एकदा रस्त्याच्या कडेला एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती आणि आमच्या गाडीतले सगळे जण एकदम त्या बाजूला झुकले, मीसुद्धा. तिने मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दाबून घेतलं. त्यानंतर मी बाराटांग कार्यक्रमातून काढलं. तुम्ही नका जाऊ, एवढीच विनंती.

तो वाचलेला दिवस पोर्ट ब्लेअरला वापरा, तिथे बघण्यासारखं खूप आहे. सेल्युलर जेल पहिल्या दिवशी विमानातून उतरून झोपाळलेल्या डोळ्यांनी उरकू नका. सहाव्या दिवशी नीलहून आल्यावर दुपारी तीन तास द्या आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघा. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. 1896 ते 1906 या काळात हा तुरुंग बांधला, मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात इमारती, त्यातल्या तीन उरल्यात. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची दारं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे उघडतात, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचं तोंड कधी दिसू नये. कोठडीचं दार बंद करून बघा. कडी दारावर नसून बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत आहे, गजांतून हात कितीही लांबवला तरी पोचत नाही. मी प्रत्येक वेळी गटातल्या सगळ्यांत उंच माणसाला हात घालून बघायला सांगतो.

मराठी माणूस सावरकरांच्या कोठडीपाशी थांबतोच आणि थांबावंच. 1911 ते 1921 ते इथे होते, थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीच्या खाली फाशीघर आहे, तेही बघा. पण तिथून परत फिरू नका. संगमरवरी पाट्यांवरची बंगाली आणि पंजाबी नावं वाचा. 1912 मध्ये इथेच आयुष्य संपवलेले इंदुभूषण रॉय, 1933 च्या उपोषणात गेलेले महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास. कोलूला जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायला लावायचे, तो कोलूही तिथे आहे. आठ मित्र आहात, तिथून बाहेर पडल्यावर लगेच जेवायला जाऊ नका. समोरच्या बागेत जरा बसा.

सातवा दिवस दोन गटांत वाटा. ज्यांना अजून समुद्र हवा आहे त्यांनी वंडूरहून जॉली बॉय बेटावर जावं. 1983 मध्ये झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे निर्मनुष्य बेट हिवाळ्यात उघडं असतं. वनखात्याचा परवाना आदल्या दिवसापर्यंत काढावा लागतो, सोमवारी बंद. प्लास्टिकची पिशवी, बाटली, बिस्किटाचा पुडा, काही नेऊ देत नाहीत आणि तपासणी कडक असते. काचेच्या तळाची होडी आहे, त्यामुळे न पोहणाऱ्यांनाही प्रवाळ दिसतं. वाटेत सिप्पीघाटला उजव्या-डाव्या हाताला पाण्यात उभी राहिलेली वाळकी झाडं दिसतील. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात इथली जमीन जवळजवळ मीटरभर खचली आणि भातशेतीत समुद्र शिरला तो परत गेलाच नाही. गाडी कडेला घ्यायला सांगा आणि दोन मिनिटं बघा.

ज्यांना समुद्राचा कंटाळा आला असेल त्यांनी चाथमच्या जेट्टीवरून बांबूफ्लॅटची फेरीबोट पकडावी. ही गावकऱ्यांची बोट, शाळेची मुलं, मासळीच्या टोपल्या, स्कूटर सगळं एकत्र. चाथमला 1883 पासूनची सरकारी लाकूडगिरणी आहे, तीही जाता जाता पाहता येते. पलीकडे उतरून रिक्षाने माउंट हॅरिएटवर जा. 1891 च्या युद्धानंतर मणिपूरचा राजा कुलचंद्र आणि त्याच्या लोकांना इथे कैदेत ठेवलं होतं, त्यांच्या स्मरणार्थ 2021 मध्ये या डोंगराला माउंट मणिपूर नाव दिलं. वरून नॉर्थ बेचा दीपगृह असलेला देखावा दिसतो, जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागचा तो हाच. पायथ्याशी होपटाउनच्या धक्क्यावर 8 फेब्रुवारी 1872 ला शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकलं. गुडघ्याच्या मैत्रिणीला हा दिवस जमेल, गाडी वरपर्यंत जाते. रॉस बुधवारी बंद असतो. सहाव्या दिवशी बुधवार नसेल आणि बोट लवकर आली तर जेलच्या आधी जाऊन या. वडाच्या मुळांनी आवळलेल्या इंग्रजांच्या इमारती आणि माणसाळलेली हरणं, दीड-दोन तासांत होतं.

आठ जणांचं म्हणाल, तर दोन नियम पुरतात. सकाळ ज्याची त्याची, संध्याकाळ सगळ्यांची. कुणाला सीतापूरचा सूर्योदय बघायचाय, कुणाला झोपायचंय, कुणी नुसतं पुस्तक वाचत बसणार, यावर चर्चाच करायची नाही. पण सूर्यास्ताला सगळे एका किनाऱ्यावर आणि जेवायला एका टेबलाशी. दुसरा नियम पैशाचा. निघण्याआधी प्रत्येकाने सारखी कॉन्ट्री काढायची आणि एकाने सांभाळायची. जेवण, रिक्षा, बोट त्यातून. स्कूबा, दारू, खरेदी ज्याची त्याने. रोख बरोबर ठेवा, नीलला एटीएमवर विसंबू नका. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून नेट पुष्कळ सुधारलंय, पण छोट्या बेटांवर अजून दगा देतं आणि ऐन बिलाच्या वेळी फोनवरून पैसे जात नाहीत.

स्वेटर नको, जानेवारीतही दिवसा तिशीच्या आसपास असतं. लांब बाह्यांचे पातळ सुती कपडे घ्या. वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पोटऱ्यांना चावतात आणि आठवडाभर खाज सुटते. पोहताना लोशन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, बऱ्याच लोशनमधली रसायनं प्रवाळाला बाधतात. आणि किनाऱ्यावरून काही उचलू नका. प्रवाळाचा मेलेला तुकडाही वन्यजीव कायद्यात येतो, विमानतळावर सामान तपासताना तो दिसतो आणि पुढे चौकशी, दंड, कदाचित चुकलेलं विमान. शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर परवाना असलेल्या दुकानातून पावती घेऊन घ्या.

क्रम असा ठेवा: आधी तिथी, मग विमान, मग लगेच हॅवलॉक आणि नीलच्या बोटी, कारण जानेवारीत त्याच आधी भरतात, आणि हॉटेलं सगळ्यांत शेवटी. ती अमावास्या कुठल्या वाराला येते ते बघून मला कळवा. बुधवार आणि सोमवार मध्ये येत असतील तर सहाव्या-सातव्या दिवसाची आखणी बदलून देतो.